दहावी गोणी

सूर्यमाळ, ता. मोखाडा
१९ नोव्हेंबर

वर्षा,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. दोन वर्षं एकमेकींचं तोंड बघितलं नाही, आता प्रिय कसली? तुझा फोन मला लागत नाही. गटातल्या योगिताच्या फोनवरून रिंग जाते, माझ्यावरून जात नाही, म्हणजे काय ते मला कळतं. पण नणंदेशी बोलायला दुसऱ्यांचे फोन मागत फिरायला मी काही मोकळी नाही. म्हणून पत्र. दहावी नापास वहिनीचं अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, पण नाशिकच्या त्या कंपनीत कुणाला दाखवू नकोस. घरचं आहे.

काम आहे म्हणूनच लिहितेय, उगाच गोड बोलत नाही.

सोमवारी अंगणवाडीत सहा पोरांना उलट्या झाल्या. त्या दिवशी नागलीची आंबील होती, आणि पीठ आपल्या बचत गटाच्या गिरणीतलं. पाच पोरं संध्याकाळपर्यंत उड्या मारायला लागली. एक राहिली. खालच्या वस्तीतली धाकली माहीत आहे ना, कातकऱ्यांची, मजुरीला जाते ती? तिची चार वर्षांची सोनी. तिला जव्हारला नेलंय. हातपाय आखडतात म्हणे. मी सांगते, पाण्याचं असणार. त्या टाकीत काय काय पडलेलं असतं ते तुला माहीत आहे.

पण ऐकतं कोण? मंगळवारी पालघरहून अन्न खात्याची जीप आली. एक मॅडम, एक साहेब. आरडाओरडा काही केला नाही, तेच जास्त वाईट. पिठाचे चार भाग केले, चार बरण्या भरल्या, लाख लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यावर माझी सही घेतली. नमुन्याचे पैसेही दिले, पावतीसकट. मग गिरणीतल्या नऊ गोण्यांना सील ठोकलं आणि त्या आपल्याच पडवीत ठेवायला लावल्या. जपायची जबाबदारी आमची, हात लावायचा नाही. घरात नऊ गोण्या नागली आणि तुझी आई येता-जाता त्यांच्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते.

आता कामाचं. गिरणीचा परवाना अजून तुझ्याच नावावर आहे. बदलायचा होता, राहिला. मॅडमनी भिंतीवरचा कागद वाचून विचारलं, ही वर्षा कोण? मी म्हटलं, नणंद, नाशिकला असते, पण येऊन-जाऊन तपासणी तीच करते. तोंडातून निघून गेलं. सोबत एक कागद पाठवतेय, योगितानं छान अक्षरात लिहिलाय. 'धान्य वाळवणं आणि निवडणं मी दर महिन्याला तपासत होते,' एवढंच आहे. सही कर आणि पाठव. नुसता कागदोपत्री सोपस्कार आहे.

माल चांगला आहे, वर्षा. मी स्वतः पाखडलाय.

फागी


सूर्यमाळ
२७ नोव्हेंबर

वर्षाबाई,

मिळालं तुमचं उत्तर. सही न केलेला कागद आणि मागे तीन शब्द. 'काळी गोणी कुठे?' बाकी आई कशी आहे, दादा कसा आहे, काही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

काळी गोणी! किती दिवसांनी ऐकलं. तूच लावून दिलेला नेम. भिजलेल्या गोणीच्या तोंडाला काळी चिंधी बांधायची, तिला गिरणीत पाय ठेवू द्यायचा नाही, कोंबड्यांनाही घालायची नाही, खड्ड्यात पुरायची. अगं, तू कॉलेजातून शिकून आलीस, तुला सोपं. मला आठवतं त्या दिवशीचं सगळं. तू आईच्या देखत अख्खी गोणी ओढ्यात ओतलीस. वर पायानं ढकललीस. आई काठावर बसून पाण्यात हात घालून दाणे वेचत होती. तेव्हा मी तुझ्या मुस्काटात मारली. 'कणसरीला लाथ मारतेस!' म्हटलं. आपल्याकडे दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावतात, धान्य म्हणजे देवी, आणि तू तिला ओढ्यात लोटलीस. दुसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन गेलीस. त्या थोबाडीत मी चुकले असं मला अजून वाटत नाही. वाटलं तर कळवीन.

आईचं माहेर वावरचं. उपासमारीच्या त्या वर्षी तिथं पोरं कशी गेली ते तिनं तुला सांगितलं नसेल, मला सांगितलंय. तिची पहिली मुलगी तिथंच गेली, तिच्या मांडीवर, घरात मूठभर नागली नव्हती म्हणून. तुझ्यापेक्षा मोठी असती ती. अशा बाईला सांगायचं, धान्य पुरून टाक?

तर आता विचारलंसच म्हणून सांगते. दिवाळीनंतर पाऊस लागला तेव्हा खळ्यावर तीन गोण्या भिजल्या. आईनं त्या पुरू दिल्या नाहीत. राखेच्या पाण्यानं धुतल्या, चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवल्या, वास गेला, रंग आला. घरोघरी करतात, आपण लहानपणापासून खात आलोय. मग ती नागली चांगल्यात मिसळली गेली. आईनंच मिसळली. मला नंतर कळलं.

आई म्हणते, माझं नाव सांगा. 'माझा अंगठा घ्या, म्हातारीला कोण काय करतंय?' मलाही वाटतं तेच बरं. साठीच्या बाईला साहेब लोक समजून घेतील. तुझी नोकरी राहील, गटातल्या बारा बायांचं काम राहील. उगाच तू शहाणपणानं काही लिहून कळवू नकोस तिकडून. उंटावरून शेळ्या हाकायला सोपं असतं.

परवा जव्हारला गेले होते, तांदळाची पेज घेऊन. सोनीला सलाईन लावलंय. बोटं अशी वाकलेली, सरळ केली की रडते. धाकली खाटेखाली बसलेली, मजुरी बुडवून. मला वाटलं, मला बघून अंगावर येईल. तिनं डबा घेतला आणि म्हणाली, 'बाई, तुमचं पीठ असं नसणार. पाण्याचंच असेल.' मी म्हटलं, हो ना.

एसटीत येताना खोडाळ्यापर्यंत मला खिडकीबाहेर काही दिसलं नाही.

फागी


मोखाडा, रुग्णालय
४ डिसेंबर

वर्षा,

आधी हे वाच: आई जिवंत आहे. सकाळी तिनं पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण आठवडाभर ठेवावं लागेल. योगितानं तुला फोन केला असेलच. कशानं झालं ते तिनं सांगितलं नसेल, कारण तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

सोमवारी तपासणीचा कागद आला. 'असुरक्षित'. बुरशीचं विष, प्रमाणाच्या कितीतरी वर. खाली लिहिलंय की आठ तारखेला पालघरला हजर राहून म्हणणं मांडा. नाव तुझं आहे, वर्षा. नोटीस तुझ्या नावानं आहे. तुला वेगळी आली नसेल तर येईल, कारण तुझा नाशिकचा पत्ता मीच दिला. मॅडम म्हणाल्या होत्या, पोरं आजारी पडलीत, साधा दंड भरून सुटणारं हे काम नाही.

मंगळवारी गटातल्या बाया पडवीत जमल्या. आवाज चढले. पोश्याची बायको म्हणाली, 'आमच्या पोरांना पाजलंत, तुम्ही खाऊन दाखवा की!' आई आत गेली. मला वाटलं रडायला गेली. थोड्या वेळानं पिठाचं ताट घेऊन बाहेर आली, सगळ्यांसमोर पडवीतल्या चुलीवर भाकर थापली.

कुठलं पीठ? सील तर सगळ्या गोण्यांना होतं.

नऊ गोण्यांना होतं. गोण्या दहा होत्या. मॅडमची जीप वळणावर दिसली तेव्हा मी एक गोणी ओढत माळ्यावर टाकली आणि वर गवताचे भारे रचले. ती भिजलेलीतलीच होती, मिसळायची राहिलेली. बाकीच्यांत सहाला एक असं मिसळलं होतं, हिच्यात सगळीच तीच. आईला मी सांगितलं होतं, घरची आहे, चांगली आहे, साहेब नेतील म्हणून लपवली. आईनं माझ्यावर विश्वास ठेवला. त्यातलीच नागली तिनं आदल्या दिवशी जात्यावर दळून ठेवली होती.

आता मधे थांबले तर परत लिहिता येणार नाही.

आईनं काही मिसळलं नव्हतं. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तिन्ही गोण्या मी धुतल्या, मी सुकवल्या, त्यातल्या दोन मी मिसळल्या. आई तेव्हा वावरला भावाकडे गेली होती, घरातही नव्हती. तिला मी एवढंच म्हटलं की मिसळताना कुणाचा तरी हात चुकला, आता सगळ्याजणी अडकणार. तर ती लगेच म्हणाली, माझा अंगठा घ्या. एका शब्दानं विचारलं नाही कुणाचा हात.

का केलं विचारशील. दाणा टाकवत नाही हे खरं आहे, त्या खड्ड्यापाशी मी कुदळ घेऊन दोनदा गेले आणि दोनदा परत आले. पण तेवढंच असतं तर मी ती घरात खाल्ली असती, पोरांच्या आंबिलीत घातली नसती. खरं सांगू? पावसानं माल कमी पडला होता. अंगणवाडीचं पीठ आणि जव्हारच्या स्टॉलची पाकिटं दोन्ही वेळेवर द्यायची होती. तू गेल्यापासून बाया म्हणायच्या, वर्षा होती तेव्हा असं नव्हतं. वर्षा असती तर तसं केलं असतं. माझं डोकं उठायचं. तुझ्यावाचून गिरण चालते, हे मला दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं तेही मला आता सांगता येत नाही, तू तर इथं नव्हतीस.

आणि हे पण लिहिते. आई भाकर खात होती तेव्हा मी समोर उभी होते. पाच पावलांवर. पहिला घास तिनं कपाळाला लावला आणि खाल्ला. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. पण तो शब्द बोलले असते तर सगळ्या बायांना कळलं असतं की मला ठाऊक होतं. मी बघत राहिले. तिनं चटणीशी अख्खी भाकर खाल्ली, पाणी प्यायली आणि बायांना म्हणाली, 'बघितलंत? माझी सून पोरांना वाईट घालायची नाही.'

दिवस कलायच्या आत तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. हात वाकडे झाले, सोनीसारखेच. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती कुणाला तरी हाका मारत होती. नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. मग लक्षात आलं, ती वावरची मुलगी.

तू त्या दिवशी ओढ्याकाठी गाल धरून मला एवढंच म्हणाली होतीस, 'वहिनी, बुरशी धुऊन जाते, विष नाही जात.' मी ऐकलं होतं. गोण्या धुताना मला ते आठवतही होतं. धुरानं जाईल असं मी स्वतःला समजावलं.

तुझी सही नको. तो कागद फाडून टाक. तुझ्याकडे कुणी आलं तर सांग, दोन वर्षं माझा या गिरणीशी संबंध नाही, ते खरंच आहे. आठ तारखेला मी जातेय पालघरला. काय होईल माहीत नाही. तुझा दादा भिवंडीहून निघालाय, त्याला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगितलं.

फागी


सूर्यमाळ
१२ डिसेंबर

वर्षा,

सोनी घरी आली. चालते, उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत, डॉक्टर म्हणतात होईल. पहिलं हेच लिहायचं होतं.

पालघरला तिसऱ्या मजल्यावर बसवलं होतं. मॅडमनी फाइल उघडली आणि म्हणाल्या, 'वर्षा कुठे आहेत?' मी म्हटलं, तिचा यात काही संबंध नाही, ती दोन वर्षांपूर्वीच गेली. मी हाकलली तिला, भिजलेली गोणी टाकली म्हणून. मग बोलतच गेले. धुतलेलं, सुकवलेलं, सहाला एक मिसळलेलं, सगळं. मॅडम लिहीत होत्या. दहाव्या गोणीचं सांगितलं तेव्हा त्यांचं पेन थांबलं. 'ही तुम्ही सांगितली नसती तर आम्हाला कळली नसती,' असं म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, माझ्या सासूनं ती खाल्ली. त्यांनी पाण्याचा ग्लास सरकवला.

परवाना बंद. तुझ्या दोन वर्षांपूर्वीच्या राजीनाम्याची प्रत बँकेच्या कागदांत सापडली, ती योगितानं जोडली, त्यामुळे तुझं नाव सुटेल असं मॅडम म्हणाल्या. खटला माझ्यावर. कोर्टात काय व्हायचं ते होईल. वकील म्हणतो, कबूल करायला नको होतंत. असले सल्ले द्यायला त्याला माझीच वेळ मिळाली.

गावात आता सगळ्यांना माहीत आहे. पोश्याची बायको विहिरीवर मला बघून घागर उचलून दुसरीकडे गेली. तुझ्या दादानं एक दिवस बोलणं टाकलं, दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'आईला का खाऊ दिलंस?' धाकलीकडे मी स्वतः गेले आणि सांगितलं. वाटलं होतं, शिव्या घालेल, ओरडेल. मारलं असतं तरी चाललं असतं. ती उठली, आत गेली आणि माझा पेजेचा डबा आणून हातात दिला. घासून, धुऊन, पुसून. दार लावून घेतलं. तो डबा मी अजून फळीवर ठेवलेला नाही.

काल माल नष्ट करायला साहेब आले. गिरणीमागं खड्डा खणला, माझ्याकडूनच खणून घेतला म्हण. मीच म्हटलं मी खणते. आई रुग्णालयातून आदल्या दिवशीच आली होती, तिला सांगितलं, तू आत थांब, तुला बघवणार नाही. ऐकते कुठं! काठी टेकत आली, खड्ड्याच्या कडेला बसली. मला वाटलं आता वेचायला लागेल, ओढ्यावर बसली होती तशी. नऊ गोण्या गेल्या. ती बघत होती. दहावी मी ओढत आणली तेव्हा म्हणाली, 'थांब.' लुगड्याचा काठ दातानं फाडला. काळा काठ होता. तिची बोटं अजून धड वळत नाहीत, तरी गोणीच्या तोंडाला स्वतः गाठ मारली, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग गोणीवर हात ठेवून कणसरीला म्हणाली, 'आई, तुला टाकत नाही. तुझ्या पोटातलं वीख टाकतो.' आणि पायानं ढकलली, वर्षा. हातात जोर नव्हता म्हणून पायानं.

साहेबांनी पंचनाम्यावर तिचा अंगठा घेतला. साक्षीदार म्हणून.

घरी येताना ती म्हणाली, 'वर्षीनं लाथ मारली नव्हती गं. तिनं ढकलली होती.' मी म्हटलं, हो. मागच्या एका पत्रात मी लिहिलं होतं ना, त्या थोबाडीत चुकले असं वाटलं तर कळवीन? कळवतेय.

तू आठ तारखेला मोखाड्याला येऊन गेलीस हे आईनं सांगितलं. मी पालघरला असणार हे माहीत असूनच आलीस. आईच्या उशाशी दिवसभर बसलीस, तिचे केस विंचरलेस, तिला मऊ भात भरवलास आणि मी यायच्या आधी शेवटच्या गाडीनं गेलीस. राग नाही. मी तुझ्या जागी असते तर तेवढीही आले नसते.

पण पुढच्या वेळी मी घरात असताना ये. मला दोन थोबाडीत द्यायला ये. एक तुझी परत, आणि एक आईची, ती स्वतः देणार नाही.

तुझी वहिनी
फागी